इसार आधी, नाटक मग

दसरा जवळ आला की वडशाच्या रस्त्यावर एका मोटारसायकलवर तिघे बसून येणारी माणसं दिसू लागतात. मधला गावच्या मंडळाचा अध्यक्ष, मागचा खजिनदार, आणि गाडी चालवणारा तो, ज्याला कुठलीच गोष्ट एका झटक्यात पटत नाही. असा एक जण प्रत्येक मंडळात असतोच, आणि त्याने मान डोलावल्याशिवाय खजिनदाराचा हात खिशात जात नाही. हे तिघे नाटक विकत घ्यायला आलेले असतात.

पुण्या-मुंबईकडे नाटकाला जायचं म्हणजे तिकीट काढायचं. झाडीपट्टीत अख्खं नाटकच एका रात्रीसाठी ठोक भावात गावात आणतात. पडदे, ऑर्गन, तबला, नायक, खलनायक, लावणीची नर्तकी आणि विनोदी नट, सगळं त्यात आलं. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या धानाच्या मुलखात दंडार आणि खडी गंमत हे लोकप्रकार पाहत वाढलेल्या लोकांनी ही रंगभूमी उभी केली आणि तिचा बाजार भरवला वडशात. सरकारदरबारी या गावाचं नाव देसाईगंज आहे, पण नाटकाच्या धंद्यात देसाईगंज कोणी म्हणत नाही. दिवाळीपासून होळीपर्यंत जे काही रंगणार असतं, त्याची ‘बुकिंग’ इथल्या नाटक कंपन्यांच्या छोट्या छोट्या ऑफिसांत होते. बाहेर फ्लेक्स, आत एक टेबल, भिंतीवर कॅलेंडर आणि त्यावर लाल पेनाने खोडलेल्या तारखा.

“कोणती तारीख पायजे, भाऊ?”

“शंकरपटाची.”

“त्या दिवशी संच खाली नाही, जी.”

शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यतींचा दिवस. मग घासाघीस. नायिका कोण? विनोदी कोण? लावणीला कोण? मागच्या साली आणलेला खलनायक या साली पण आहे काय? असेल तर बरं, कारण गावातल्या बाया त्याला अजून शिव्या देतात. सगळं ठरतं, इसार दिला जातो, पावती फाटते, आणि तिघे उठता उठता अध्यक्षाला आठवतं : “अन् नाटकाचं नाव का हाय?”

व्यवस्थापनशास्त्राच्या प्राध्यापकांना हा प्रसंग उलटा वाटेल. आधी वस्तू, मग किंमत, मग दुकान, मग जाहिरात, अशी चार ‘पीं’ची उतरंड अमेरिकेतल्या जेरोम मॅकार्थी यांनी १९६० साली लावून दिली आणि तेव्हापासून जगभरची मुलं ती पाठ करून नोकरीला लागतात. वडशात मात्र वस्तूचं नाव सगळ्यात शेवटी विचारतात, कारण मंडळाला नाटक नकोच असतं. मंडळाला गर्दी हवी असते.

त्याच १९६० साली थिओडोर लेव्हिट यांनी ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये एक लेख लिहिला. अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्या अडचणीत आल्या त्या प्रवासाची आणि मालवाहतुकीची गरज घटली म्हणून नव्हे, तर आपण रेल्वेच्या धंद्यात आहोत असं त्या समजत राहिल्या म्हणून. खरं तर त्या माणसं आणि माल इकडून तिकडे पोचवण्याच्या धंद्यात होत्या, असं त्यांचं म्हणणं. लेख गाजला. गडचिरोली जिल्ह्याच्या वाट्याला इतक्या वर्षांत वडशाचं एकच रेल्वे स्टेशन आलं, तरी हा धडा तिथल्या माणसाला कोणी शिकवण्याची गरज पडली नाही. गावातलं मंडळ नाट्यव्यवसायात नाही, पाहुण्यांच्या व्यवसायात आहे, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

म्हणजे असं की, नाटकाची तारीख पक्की झाली की गावातलं प्रत्येक घर तिकीटविक्रीचं केंद्र होतं. सासरी गेलेल्या बहिणीला फोन जातो. जावयाला वेगळा फोन जातो, कारण एका फोनमध्ये दोघांना सांगितलं तर जावई रुसतो. मामा, मावशी, साळा, साळ्याचे मित्र. ज्या घरी पाहुणे येत नाहीत त्या घराची चर्चा होते, म्हणून पाहुणे येतातच. दुपारी शंकरपट, संध्याकाळी जेवण, रात्री नाटक, आणि सकाळी चहा पिता पिता कोणाच्या तरी मुलीचा विषय निघतो. झाडीपट्टीत नाटकाच्या निमित्ताने सोयरिकी जुळतात ही काही दंतकथा नाही; उपवर मुलगा घेऊन नाटकाला येणं हा तिथला सर्वमान्य शिष्टाचार आहे. वधू-वर सूचक मंडळाचं काम करून वर लावणी दाखवणारा दुसरा उद्योग महाराष्ट्रात तरी नाही.

हंगामाची निवडसुद्धा बघण्यासारखी. धान कापून, चुरून, विकून झालेलं असतं. हातात पैसा असतो आणि शेतात काम नसतं. हा पैसा बियाणं-खतांत जायच्या आत त्याला गाठायचं, ही वेळ ज्याने साधली त्याला कुठल्याही बाजारतज्ज्ञाने शिकवणी लावू नये.

आता लांबीचं. झाडीपट्टीतलं नाटक रात्री दहाच्या पुढे सुरू होतं आणि उजाडेपर्यंत चालतं. शहरातला समीक्षक इथे नाक मुरडतो : एवढं कशाला ताणायचं? त्याला घरी जायला रिक्षा मिळते म्हणून तो असं विचारतो. इथला प्रेक्षक आजूबाजूच्या दहा गावांतून आलेला. तीन तासांत नाटक संपवून त्याला रात्री एक वाजता जंगलातल्या रस्त्यावर सोडलं, तर वाटेत अस्वल भेटेल, नाहीतर वाघ. पहिली एसटी सकाळी. म्हणून नाटक सकाळपर्यंत. गिऱ्हाइकाची अडचण पाहून मालाची लांबी ठरवायची, एवढंच झालं. मधल्या वेळात गाणी, लावण्या, विनोदी प्रवेश. थंडी वाजली तर घरून आणलेलं ब्लँकेट. भूक लागली तर तंबूबाहेर आलुबोंडा. तिकिटं दोन-तीन तऱ्हेची. समोर खुर्ची, मागे जमीन. खुर्चीवाला पाच प्रवेशांनंतर पेंगतो, जमिनीवाला आडवा होऊन बघतो, आणि पैसे कोणाचे वसूल झाले यावर एकमत होत नाही.

नावाचं शास्त्र वेगळंच. कुंकू, सौभाग्य, माय, बहीण, रक्त, सासर यांपैकी निदान एक शब्द नावात असला तर निम्मं काम झालं. नाव ऐकताच बाईचा पदर डोळ्याला लागला पाहिजे आणि पुरुषाच्या मनात ‘लावणी असेल ना?’ असा प्रश्न उभा राहिला पाहिजे. जीपवर भोंगा लावून फिरणारा माणूस दोन्हींची सोय एका वाक्यात करतो. त्याचा आवाज तीन गावं ऐकतात; चौथ्या गावात त्याच रात्री दुसऱ्या मंडळाचं नाटक असतं आणि तिथलाही भोंगा फिरत असतो. मग भोंग्यांची लढाई जुंपते : कोणाची नायिका मोठी, कोणाचा पडदा नवा, कोणाकडे मुंबईचा कलाकार.

मुंबईचा कलाकार हे प्रकरण अलीकडे जास्तच वाढलं आहे. मालिकेत दिसलेला चेहरा फ्लेक्सवर हातभर असतो आणि नाटकात वीतभर. तो मध्यरात्री येतो, दोन प्रवेश करतो, टाळ्या घेतो आणि निघतो. रात्रभर नाटक ओढून नेणारा स्थानिक नट मात्र फ्लेक्सच्या खालच्या कोपऱ्यात टपाल तिकिटाएवढा. ही जाहिरात चालते हे खरं, पण फसते तीही इथेच. प्रेक्षक पहिल्या वर्षी मुंबईकराला पाहायला येतो, दुसऱ्या वर्षी ‘तो आपला विनोदी कोन हाय?’ असं विचारूनच तिकीट काढतो. डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा सरकारी पत्रकात पाच हजारांहून जास्त प्रयोग आणि आठशे भूमिका असा हिशेब होता. एवढ्या रात्री ज्या माणसाला गावोगावच्या लोकांनी जागून पाहिलं, त्याला कोणत्या मालिकेची ओळख लागणार?

आणि नफा? सकाळी पेट्या उघडतात, कंपनीचे पैसे चुकते होतात, उरलेल्यातून समाजमंदिराचे पत्रे, शाळेचं कुंपण, देवळाचा कळस. उरले नाहीत तर वर्गणी. बैलांच्या शर्यतींवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली आणि जोडीतला पहिला माल म्हणजे शंकरपट बाजारातून उठला. आता नाटकं पडणार असं पुष्कळांना वाटलं. नाटकं चालूच राहिली. पाहुण्यांना तर बोलावणं भागच होतं. २०२१च्या डिसेंबरात शर्यतींना परवानगी मिळाली तेव्हा बैल परत आले आणि त्यांच्यासाठी दुपारची वेळ रिकामी ठेवलेलीच होती.

*

गिऱ्हाइकाला विचारून माल बनवावा हे सगळेच सांगतात. विचारल्यावर उत्तर ऐकून घेणारे कमी. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ साली गडचिरोलीत आले. इथल्या आदिवासींना दवाखान्याची भीती वाटते हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी कारण विचारलं. उत्तरं अशी मिळाली की कुठल्याही बांधकाम खात्याला घाम फुटावा. मोठ्या इमारतीत माणूस हरवतो. नातेवाइकांना बाहेर काढतात. डॉक्टर-नर्स पांढऱ्या कपड्यात असतात, आणि गोंडांकडे पांढऱ्यात गुंडाळतात ते मेलेल्या माणसाला. शिवाय आत देव नाही. देव नसलेल्या जागी कोण बरा होणार?

या उत्तरांवर एखाद्याने ‘जनजागृती’चा कार्यक्रम आखला असता आणि गावोगाव फलक लावले असते. बंग दांपत्याने आपल्या ‘शोधग्राम’ या वसाहतीत मोठ्या इमारतीऐवजी झोपड्यांसारखा दवाखाना बांधला. रुग्णासोबत घरचे राहू शकतात. दवाखान्याला नाव दिलं माँ दंतेश्वरीचं, आणि देवीला दारातच जागा दिली. दंतेश्वरी ही या भागातली मोठी देवी. तिच्या शिफारशीपुढे कुठल्याही पदवीची पाटी फिकी पडते, हे मान्य करायला डॉक्टरच्या अंगी मोठंच धाडस लागतं.

वरोऱ्याजवळच्या आनंदवनाची अडचण उलट होती. तिथे माल उत्तम होता आणि गिऱ्हाइकाला तो नकोच होता. बाबा आमटे आणि त्यांच्यासोबतच्या कुष्ठरोगमुक्त माणसांनी खडकाळ जमिनीतून भाजीपाला काढला, स्वतःला पुरून उरेल इतका. तो वरोऱ्याच्या बाजारात न्यावा तर कोणी हात लावीना. वांगं ताजं, भाव कमी, तरी लोक दुसऱ्या टोपलीकडे. किंमत उतरवून काही होणार नव्हतं. फुकट दिलं असतं तरी घेतलं नसतं. मग १९५४च्या सुमारास सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे परदेशी स्वयंसेवक इथे श्रमदानाला आले, महिनोन्‌महिने राहिले, इथलंच खाल्लं आणि धडधाकट राहिले. वरोरेकरांनी हे रोज पाहिलं. गोरी माणसं ही भाजी खाऊन मरत नाहीत म्हटल्यावर आपणही मरणार नाही, असा हिशेब गावाने केला. त्या हिशेबात शास्त्र किती आणि गोऱ्या कातडीचा दबदबा किती, हे वरोरेकरांनाच विचारावं. पण भाजी खपू लागली.

मॅकार्थी यांच्या चार ‘पीं’मध्ये ‘प्लेस’ म्हणजे माल गिऱ्हाइकापर्यंत पोचवण्याची जागा. या ‘पी’ने मेंढा-लेखा गावाला बरंच छळलं. वनहक्क कायद्याखाली २००९ साली धानोरा तालुक्यातल्या या गावाला जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. जंगलात बांबू. बांबूला गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाकडे पैसे. एवढं सगळं जमून आलं तरी विक्री होईना, कारण बांबू जंगलाबाहेर न्यायला वाहतूक परवाना लागतो आणि परवान्याचं पुस्तक वनखात्याच्या कपाटात. म्हणजे गिऱ्हाइकाने बांबू विकत घ्यावा आणि जिथे घेतला तिथेच उभा राहून तो वापरावा! वनस्पतिशास्त्रात बांबू गवत. १९२७च्या भारतीय वन कायद्यात तो झाड. झाड म्हटलं की परवाना आला. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं. पुढे गावाने निविदा मागवल्या, बांबू विकला आणि गडचिरोलीतल्या इतर ग्रामसभांनी त्याचा कित्ता गिरवला. बांबूच्या जोडीला तेंदूपत्ताही आला. उन्हाळ्यात सत्तर पानांचं एक पुडकं, अशी हजार पुडकी म्हणजे एक गोणी, आणि ठेकेदारासमोर भाव बोलणारी माणसं तीच, जी सकाळी पानं तोडून आली आहेत. कायद्याने बिगरवन क्षेत्रातल्या बांबूला झाड म्हणणं सोडायला २०१७ साल उजाडावं लागलं.

जाहिरात नाही, दुकान नाही, पाटी नाही आणि तरी माल हातोहात खपतो, असाही एक धंदा या दोन जिल्ह्यांनी पाहिला. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ पासून होती, २०२१ मध्ये उठली. चंद्रपूरची बंदी बरोबर की चूक यावर तिथे दोन माणसं भेटली की तीन मतं निघतात. दुकानं बंद होती त्या काळात माल कसकसा यायचा याच्या बातम्या मात्र पोलिसांनीच पुरवल्या : दुधाच्या गाडीतून, भाजीच्या पिशवीतून, गाडीच्या चोरकप्प्यातून. वितरणव्यवस्थेच्या अभ्यासक्रमात हे प्रकरण घालावं अशी शिफारस कोणी केल्याचं ऐकिवात नाही.

*

आणि मग वाघ.

ताडोबाचं राष्ट्रीय उद्यान १९५५ सालचं, महाराष्ट्रातलं पहिलं. नाव पडलं ते तारू नावाच्या गोंड प्रमुखावरून. हा तारू वाघाशी लढताना मेला आणि देव झाला, अशी कथा आहे. तलावाच्या काठी त्याचं ठाणं आहे. वाघ पाहायला या, असं सांगणाऱ्या ठिकाणाला वाघाने मारलेल्या माणसाचं नाव द्यावं हे कुठल्याही जाहिरात कंपनीला सुचलं नसतं आणि सुचलं असतं तरी ग्राहकाने मंजूर केलं नसतं.

इथे विकतात ती जागा, जिप्सीतली. वाघ विकत नाहीत. तो विकायला कोणाच्या ताब्यातच नाही. पैसे आधी, वाघ दिसलाच तर नंतर, नाही दिसला तर पैसे परत नाहीत. शनिवार-रविवारी दर चढतात, वाघ मात्र सोमवारचाच असतो. मंगळवारी उद्यान बंद, पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद. या अटींवर शहरात कोणी साधी केशकर्तनाची खुर्ची चालवून दाखवावी. तरी मोहर्ली आणि कोलारा गेटवर पहाटे जिप्स्यांची रांग असते.

यामागे गाइड आहे. वनखात्याच्या वहीत वाघिणीची नोंद टी-१२ अशी. टी-१२ साठी नागपूरहून पहाटे तीनला कोण निघेल? तिला ‘माया’ म्हटलं आणि लोक परदेशातून कॅमेरे घेऊन आले. टी-५४ झाला ‘मटकासुर’. छोटी तारा, सोनम, लारा, बजरंग, छोटा मटका अशी सगळी खानदानं तयार झाली. कोण कोणाची मुलगी, कोणाचं कोणाशी भांडण, कोणी कोणाचा इलाखा बळकावला, हे जिप्सीतल्या बाया इतक्या आवडीने ऐकतात की त्यांच्या घरातली मालिका मागे पडते. माया २०२३ मध्ये दिसेनाशी झाली आणि पुढे तिच्या मृत्यूची खात्री पटली, तेव्हा वर्तमानपत्रांनी मृत्युलेख लिहिले. टी-१२ वर कोणी मृत्युलेख लिहिला नसता.

वाघ न दिसलेल्या फेरीत तर गाइडची खरी कसोटी. तो गाडी थांबवतो. बोट ओठावर. माकडाचा इशारा आला. सांबर ओरडलं. धुळीत पंज्याचा ठसा : “ताजा आहे, जी. आत्ताच गेला.” ठसा खरंच ताजा असतो, जंगल त्या वाटेनेच फिरतं. दहा मिनिटं सगळे श्वास रोखून बसतात, काही येत नाही, गाडी पुढे जाते, आणि प्रवाशाला आपण वाघाच्या अगदी जवळून आलो असं वाटत राहतं. “काल याच ठिकाणी बसला होता” या वाक्याने उद्याच्या सकाळची फेरी विकली जाते.

गेटच्या बाहेर हाच वाघ बिनतिकिटाचा भेटतो, आणि तिथे विनोद थांबतो. २०२२च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ निघाले, त्यांतले सर्वांत जास्त चंद्रपूर जिल्ह्याच्या वाट्याला. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली या भागांत धान कापायला, मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला गेलेली माणसं दरवर्षी मरतात. वाघाच्या नावावर हॉटेलं उभी राहतात तो भाग वेगळा, आणि वाघाच्या भीतीने संध्याकाळी चारला शेतातून परतणारा भाग वेगळा. दोन्हीकडची गावं नकाशावर शेजारी आहेत. उद्यानाभोवतीच्या बफर क्षेत्रातल्या गावच्या पोरांना गाइड आणि जिप्सीचालक म्हणून काम मिळालं, ही त्या हिशेबातली जमेची बाजू. ज्या घरात वाघाने माणूस मारला त्या घराला या जमेच्या बाजूचं कौतुक सांगायला कोणी जाऊ नये.

मोहर्लीकडे मात्र बाजार जोरात आहे. टोप्या, चाव्यांचे छल्ले, मग, आणि टी-शर्ट. प्रत्येकावर वाघ, जबडा उघडलेला. दोन फेऱ्यांत चितळ, मोर आणि एक रानकुत्रा एवढंच पाहून आलेलं चौकोनी कुटुंब दुकानासमोर उभं असतं. वडील वैतागून म्हणतात, वाघ नसलेला टी-शर्ट दाखवा, उगाच खोटं कशाला मिरवायचं. दुकानदार तसा टी-शर्ट ठेवतच नाही.

“वाघ दिसला काय, साहेब?”

“नाही ना.”

“मग हाच घ्या, जी. दिसलेले लोक घेत नाही. त्यांच्यापाशी फोटो असते.”

वडील जरा विचार करतात आणि चौघांचे माप सांगतात.